कुरणातली हुमणी: अनुभवाचे बोल

मी राहतो मुंबईत चारकोपला, म्हाडाच्या वसाहतीत. गुरं आणि गवताचं रान कराडकडे गावी, धाकट्या भावाच्या हाती. हुमणी दोन्हीकडे भेटते, तिकडे कुरणात आणि इथे सोसायटीच्या हिरवळीत. त्यातून मला पटलेलं सांगतो.

१. गवत पिवळं पडलं म्हणून लगेच औषध आणायला धावू नये. आधी मूठभर गवत ओढून पाहावं. मुळं कुरतडलेली असली तर ते अलगद हातात येतं. मग वीतभर खणावं. तपकिरी डोक्याची, वाकडी वळलेली पांढरट अळी दिसली तर ती हुमणी.

२. खरी संधी वळवाच्या पावसात असते. पाऊस पडला की तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर पाला खायला जमतात आणि उजाडायच्या आत परत मातीत शिरतात. वर्षाला पिढी एकच, त्यामुळे तेव्हा मारलेली प्रत्येक मादी म्हणजे पुढच्या कित्येक अळ्या कमी. आम्ही रात्री फांद्या हलवतो आणि खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतो. ती बादली गुरांच्या वाटेत ठेवायची नाही. भुंगेरे उडून येतात, म्हणून बांधाशेजारच्यांनीही त्याच दिवसांत हे करायला हवं. एकट्याने भागत नाही.

३. शेणखत पुरतं कुजल्याशिवाय रानात नेऊ नये. कच्च्या खतातून अळ्याही जातात.

४. फोरेट, म्हणजे गावाकडचं थिमेट, याला कुरणात थारा नाही. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशात बंदी आहे. जुनी पिशवी कुणाच्या माळ्यावर असेल तर ती गोठ्यापासून लांब, कुलपात ठेवून कृषी सहायकाला विचारावं. या जातीच्या विषाने जनावराची लाळ गळते, अंग थरथरतं, धाप लागते. असं दिसलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टर बोलवा आणि औषधाचं वेष्टन त्यांना दाखवा. पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक १९६२.

५. अळ्या लहान असतानाच, पावसाळ्याच्या सुरुवातीला, मेटारायझियम ही बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत द्यावी. मला हा सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो, पण त्याला ओल लागते आणि धीर लागतो. उन्हात उघडी ठेवलेली बुरशी कामाची राहत नाही. बाकी काम बगळे करतात. नांगरटीच्या मागे ते उतरले की त्यांना हाकलू नये.

६. शेणातले सगळेच किडे वैरी नव्हेत. शेणकिडे शेण मातीत नेतात, जमीन भुसभुशीत करतात. त्यांना मारू नये.

७. मुंबईत देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्यांकडून आपण पेंढी विकत घेतो, चारा घालतो. सोसायटीच्या हिरवळीचं कापलेलं गवतही कुणी पुण्य म्हणून गाईपुढे टाकतं. हिरवळीवर कीटकनाशक मारलं असेल तर तेच विष तिच्या पोटात जातं. चारकोपमधल्या प्रत्येक सोसायटीला माझी विनंती आहे: फवारणीची तारीख फलकावर लिहा, माळ्याला सांगून ठेवा आणि फवारलेलं गवत गाईला घालू नका.