वन्यजीवगणनेतील हंगामी मदतनीस

आपल्या बीड जिल्ह्यात 'हंगाम' म्हटले की ऊसतोडणीच डोळ्यांपुढे येते. परंतु निसर्गाच्या अभ्यासालाही हंगाम असतो आणि त्यात राबणारा मदतनीसही हंगामीच असतो. संशोधकाच्या प्रबंधावर त्याचे नाव क्वचितच येते. तरीही प्रबंधाचा पाया त्याच्या नोंदवहीवरच उभा असतो. या कामाचे स्वरूप येथे थोडक्यात पाहू.

पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य १९९४ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. अशा कोरड्या रानात प्राणी शोधत हिंडण्यापेक्षा पाण्याजवळ थांबणे सोयीचे ठरते. म्हणून महाराष्ट्रातील अभयारण्यांत वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्यावरील गणना करण्याची पद्धत रूढ झाली. या दिवसांत पाणी मोजक्याच ठिकाणी उरते व रात्री चांदणे असते. मदतनीस मचाणावर अथवा लपणात बसून वेळ, प्राणी, संख्या, नर, मादी व पिल्ले यांची नोंद करतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. एकच प्राणी दोनदा पाण्यावर येऊ शकतो. आधी वळवाचा पाऊस झाला, तर प्राणी पाणवठ्यावर येतीलच असे नाही. म्हणून या आकड्यांवरून एकूण संख्या सांगता येत नाही. दरवर्षी त्याच जागी, त्याच रीतीने मोजल्यास वाढ-घटीचा अंदाज तेवढा येतो.

ओळख पटविण्यातही काळजी लागते. पावसाळ्यानंतर मोराचा पिसारा गळतो. अशा वेळी पिसारा नाही म्हणून 'लांडोर' असे लिहू नये. गळ्याचा रंग पाहावा. मोराचा गळा गर्द निळा, तर लांडोरीचा हिरवट असतो.

मात्र सर्वांत अवघड नोंद असते ती शून्याची. रात्रभर जागून काहीच दिसले नाही, तर रकाना रिकामा ठेवणे जिवावर येते. पण शून्य हीदेखील माहितीच होय. राजस्थानातील सरिस्का येथे सरकारी गणनेत वाघ दाखविले जात होते. प्रत्यक्षात तेथे एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाले. कागदावरचे वाघ वेळीच शून्य झाले असते, तर खरे वाघ वाचविण्यास कदाचित अवधी मिळाला असता. पुढे २००६ पासून देशातील व्याघ्रगणनेत ठशांऐवजी स्वयंचलित कॅमेरे व संख्याशास्त्र यांचा आधार घेण्यात आला. तरीही कॅमेरा कोणत्या पायवाटेवर बांधावा, हे रान जाणणाऱ्यालाच विचारावे लागते.

ही जाण आपल्याकडे मेंढपाळांजवळ आहे, गुराख्यांजवळ आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याजवळ लेखणी आहे. सुटीत या दोघांनी एका पाणवठ्यावर बसून जे दिसेल तेवढेच लिहिले, तर आपल्या माळरानाचा विश्वसनीय इतिहास तयार होईल. 'पडीक' म्हणून नोंदला जाणारा माळ खरोखर रिकामा आहे काय, हे तेव्हाच कळेल.