चाकाची खुर्ची : वाहन की पादचारी ?

यंत्रयुगाने माणसाला वेग दिला, असे आपण निबंधांतून नेहमी लिहितो. परंतु ज्याला पायच साथ देत नाहीत त्याला वेगाची फारशी हाव नसते. घरापासून बाजारापर्यंत कोणाचा हात न धरता जाता यावे, एवढेच त्याचे मागणे असते. बॅटरीवर चालणारी तीनचाकी सायकल आणि मोटारीची व्हीलचेअर ही गरज आज भागवू शकतात. पण या साधनाने रस्त्यावरून जावे की फूटपाथवरून ? त्यावर बसलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने वाहनचालक की पादचारी ? राज्यशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी या प्रश्नाच्या मागे लागलो, तेव्हा उत्तर वाटले तितके सरळ नाही असे दिसून आले.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती आहेत. अशांना साधने देण्याची केंद्र शासनाची योजना १९८१ पासून चालू आहे, आणि कानपूरचा 'अलिम्को' हा सरकारी उपक्रम ती साधने तयार करतो. आता त्यांत मोटारीच्या तीनचाकी सायकलीही असतात. वाटपाचे फोटो वर्तमानपत्रात छापून येतात. वाटपानंतर तो माणूस कोणत्या बाजूने चालतो, हे मात्र कोणी छापत नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात १९३९ पासून 'इनव्हॅलिड कॅरेज' हा शब्द होता. १९८८ च्या नव्या कायद्यानेही तो ठेवला. २०१९ च्या दुरुस्तीने तो गेला आणि त्या जागी 'अनुकूलित वाहन' असा अर्थ असलेली संज्ञा आली. नाव सुधारले, हे चांगलेच झाले. पण तत्त्व तेच राहिले. हे मोटार वाहन आहे, म्हणून त्याला परवाना हवा, नोंदणी हवी, विमा हवा, आणि 'एमएच २१' ची पाटी हवी. तीनचाकी स्कूटरच्या बाबतीत ते योग्यही आहे, कारण ती इतर गाड्यांच्या बरोबरीने धावते.

याखेरीज १९८९ च्या केंद्रीय नियमांत एक सवलत आहे. पाव किलोवॅटपेक्षा कमी शक्तीचे आणि तासाला २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे बॅटरीचे वाहन मान्यताप्राप्त संस्थेने तपासून दिले, तर ते मोटार वाहन मानले जात नाही. म्हणजे परवान्याची कटकट मिटली. पण मग ते आहे तरी काय, आणि त्याने जावे कोठून, हे तो नियम सांगत नाही. उलट रस्त्याच्या नियमांप्रमाणे फूटपाथवर वाहन चालवण्यास मनाई आहे. त्याच २०१७ च्या नियमांत, पादचारी ओलांडतात त्या पट्ट्यांपाशी चालकाने पादचाऱ्यांना आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांना आधी जाऊ द्यावे, असेही लिहिले आहे. म्हणजे रस्ता ओलांडताना हा माणूस पादचाऱ्यांच्या रांगेत आहे. पलीकडे पोचल्यावर तो कोण, ते मोघमच राहिले.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. लहानपणी पोलिओ झालेला. त्यांना मोटारीची सायकल मिळाली, तेव्हा गल्लीने पेढे खाल्ले. फूटपाथवर गेले की दुकानदार म्हणतो, "काका, गाडी खाली घ्या." रस्त्यावर उतरले की ट्रकवाला म्हणतो, "म्हातारबा, कडेने घ्या की !" कडेला भाजीच्या गाड्या उभ्या असतात. काका म्हणतात, "अरे, मी हाताने चाक फिरवत होतो तेव्हा मला कोणी गाडी म्हणत नव्हतं." मला वाटते, सारा प्रश्न या एका वाक्यात आला आहे.

'इनव्हॅलिड कॅरेज' हा शब्द ज्या इंग्लंडमधून आला, तेथे याच गोष्टीचा विचार केलेला आढळतो. योगायोगाने वर्षही १९८८ चेच. तेथील नियमांनी या साधनांचे तीन वर्ग पाडले. हाताने चालणारी खुर्ची हा पहिला. ताशी ४ मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर वेगाची मोटारीची खुर्ची हा दुसरा. ती फूटपाथवरून जाते. तिसऱ्या वर्गातील गाडी रस्त्यावर ८ मैलांपर्यंत धावू शकते, परंतु फूटपाथवर येताच तिला ४ मैलांवर उतरावे लागते आणि त्यासाठी गाडीतच सोय असावी लागते. ती चौदा वर्षांखालील मुलांना चालवता येत नाही, तिची नोंदणी करावी लागते. वाहन चालवण्याचा परवाना मात्र कोणत्याच वर्गाला लागत नाही. मोटार आहे की नाही हे न पाहता, ती माणसाच्या चालीने जाते की नाही हे त्यांनी पाहिले. मला हीच कसोटी पटते. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे सात मीटर. दुकानातून बाहेर येणाऱ्या पोराला तेवढ्यात बाजूला होता येणार नाही. साडेसहाच्या वेगाला ते अंतर दोन मीटरही भरत नाही.

"फूटपाथवर मोटार चालू दिली तर उद्या सगळेच चढतील," असे एका मित्राने मला सुनावले. पण आज मोटारसायकली चढतातच, आणि त्या कोणत्याही सवलतीमुळे चढत नाहीत. वेगाची मर्यादा यंत्रातच बसवली, तर खरी खुर्ची आणि मोटारसायकल यांत गफलत व्हायचे कारण नाही.

अर्थात नियम झाला तरी फूटपाथ हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. उतार एकास बारा असावा. हिशेब केला तर १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो, म्हणजे फूटपाथची सगळी रुंदी त्यातच संपते. म्हणून फूटपाथ मुळातच बुटका बांधणे शहाणपणाचे. गांधी चमनकडून स्टेशनकडे जाताना मी हे मोजमाप डोळ्यांपुढे ठेवून चाललो. उंचीचा प्रश्न फार वेळ पडलाच नाही, कारण मध्येच दुचाक्या लावलेल्या होत्या.

फूटपाथला उतार द्यावेत, हे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात लिहिलेले होते. मात्र 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असे शब्द जोडून. २०१६ च्या नव्या कायद्यानंतर, ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितले की, सुगम्यतेची मानके केवळ शिफारशी राहून चालणार नाहीत, ती बंधनकारक हवीत. १४ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने फूटपाथ वापरण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे सांगून, तो दिव्यांगांनाही वापरता आला पाहिजे असे बजावले. जालन्याला २०२३ मध्ये महानगरपालिका मिळाली आहे. चालीच्या वेगाच्या खुर्चीला पादचारी मानणारा नियम दिल्लीत व्हायचा तेव्हा होईल, पण चौकातले उतार बांधायला आणि त्यांसमोर गाड्या उभ्या राहू न द्यायला त्या नियमाची गरज नाही.