ग्राहक तुमच्या दुकानात येतो त्या रस्त्यावर टोल कोण लावणार? नेट न्यूट्रॅलिटी, धंद्याच्या भाषेत



ऑनलाइन दुकानाचा खर्च काढायला बसलो की आपण डोमेन धरतो, होस्टिंग धरतो, फोटो, पॅकिंग, कुरिअर सगळं धरतो. एक खर्च कोणीच धरत नाही, कारण तो आज शून्य आहे. तुमचं दुकान ग्राहकाच्या मोबाइलमध्ये उघडू द्यायचे म्हणून जिओ, एअरटेल किंवा व्होडाफोन आयडियाला तुम्ही वेगळा एक रुपयाही देत नाही. हा शून्य कसा आला आणि तो कोणाला नको आहे, हे आज समजून घेऊ. विषय थोडा कायद्याचा आहे, पण मी तो हिशोबाच्या वहीतूनच सांगणार आहे.

आधी शब्द. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्या वेबसाइट आणि ॲपना सारखं वागवायचं. कोणाला अडवायचं नाही, कोणाचा वेग मुद्दाम कमी करायचा नाही, पैसे घेऊन कोणाला पुढे काढायचं नाही, आणि एकाचा डेटा फुकट, दुसऱ्याचा विकत असंही करायचं नाही. महावितरणचं मीटर आठवा. घरगुती आणि व्यावसायिक दर वेगळे असतात, हे आपल्या दुकानदारांना चांगलंच माहीत आहे! पण चक्की कोणत्या कंपनीची लावली, तिच्यात कोणाची हळद दळली, हे मीटर विचारत नाही. युनिट मोजतं, बस.

एका रुपयाचा फरक

आता उदाहरण घेऊ आपल्याच जिल्ह्याचं. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. समजा तिथल्या एका बचत गटाने स्वतःची वेबसाइट काढली. माझं दुकान पॅकिंग मटेरियलचं, त्यामुळे असे गट माझ्याकडे पाऊच घ्यायला येतात आणि त्यांचं गणित मला जवळून दिसतं. पाव किलोच्या पाकिटावर त्यांना सुटतात ते मोजके रुपये.

२०१५ चा काळ धरा. तेव्हा एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये लागायचे. अडीचशे धरले तर एक एमबी पंचवीस पैशाला पडला. बचत गटाच्या वेबसाइटचं एक पान फोटोंसकट चार एमबीचं असेल, तर ग्राहकाला ते पान नुसतं बघायला एक रुपया. पाच-सहा पानं चाळली, पैसे भरले, म्हणजे पाच-सहा रुपये हळद हातात येण्याआधीच गेले. आणि त्याच वेळी एका मोठ्या शॉपिंग ॲपने मोबाइल कंपनीशी करार करून आपला डेटा ग्राहकाला फुकट केला. आता ग्राहक कुठे जाईल?

इथे बचत गटाला कोणी अडवलेलं नाही. वेबसाइट चालू आहे, हळद तीच आहे, भाव तोच आहे. फक्त त्यांच्या दुकानात यायला तिकीट आहे आणि समोरच्याकडे प्रवेश मोफत. नेट न्यूट्रॅलिटी गेली तर छोट्या धंद्याचं नुकसान असं होतं. तुमचं शटर कोणी पाडत नाही, समोरच्याच्या दारात गालिचा टाकला जातो. बीबीएला आम्हाला ‘बॅरिअर टू एंट्री’ शिकवलं होतं, म्हणजे नव्या माणसाला बाजारात शिरताना येणारा अडथळा. त्याचं इतकं साधं उदाहरण पुस्तकात नव्हतं.

हे खरंच होणार होतं

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याचं जाहीर केलं आणि लोकांच्या संतापानंतर ते मागे घेतलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, अशा ॲपना नियमांत कसं बसवायचं यावर मतं मागवणारा कागद काढला. त्याच एप्रिलमध्ये ‘एअरटेल झिरो’ आलं: कंपनीने पैसे भरायचे, ग्राहकाला ते ॲप फुकट. फ्लिपकार्ट त्यात जाणार होतं. लोक इतके चिडले की काही दिवसांतच फ्लिपकार्टने अंग काढून घेतलं. ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. (ट्रायने ते सगळे ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट स्वतःच्या वेबसाइटवर टाकले, तो वेगळाच गोंधळ.)

आपल्या जास्त जवळचं प्रकरण फेसबुकचं आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ सुरू केलं, ते ज्या सहा राज्यांत आलं त्यात महाराष्ट्र होता. सुरुवातीला तीस-चाळीस वेबसाइट फुकट, बाकी इंटरनेट विकत. पुढे त्याचं नाव ‘फ्री बेसिक्स’ झालं. डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहून त्याची बाजू मांडली आणि त्यात दाखला दिला तो महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा. तो या सेवेवर हवामान बघतो, बाजारभाव बघतो, आता नवी पिकं घेतो, असा.

मी हा युक्तिवाद हसण्यावारी नेणार नाही. ज्याला डेटा परवडतच नाही, त्याला थोडं तरी फुकट मिळालं तर काय बिघडलं? प्रश्न प्रामाणिक आहे. पण धंदेवाल्याने त्या शेतकऱ्याकडे दोन बाजूंनी बघायला हवं. भाव बघणारा म्हणून त्याचा फायदा आहे. पण उद्या तोच शेतकरी आपली डाळ, आपली हळद विकायला वेबसाइट काढेल तेव्हा? त्याला त्या फुकटच्या यादीत शिरायला फेसबुकच्या अटी पाळाव्या लागणार. व्हिडिओ नको, मोठे फोटो नकोत, आणि दार उघडायचं की नाही हे फेसबुक ठरवणार. म्हणजे तो ग्राहक म्हणून आत आणि विक्रेता म्हणून बाहेर. तुम्ही हे वाचताय ते विक्रेता व्हायचंय म्हणून, त्यामुळे ही दुसरी बाजू तुमची आहे.

विदर्भाला हा अनुभव नवा नाही, बरं का. हिंगणघाटचा कापूस एके काळी त्याच नावाने लांबच्या बाजारात ओळखला जायचा. इंग्रजांच्या काळात रेल्वेचं मालभाडं बंदराकडे जाणाऱ्या आणि बंदराकडून येणाऱ्या मालाला सोयीचं, आणि देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाला महाग, ही भारतीय उद्योजकांची मोठी तक्रार होती. १९१६ मध्ये नेमलेल्या औद्योगिक आयोगासमोरही ती मांडली गेली. कच्चा कापूस बाहेर जायला स्वस्त, बाहेरचं कापड आत यायला स्वस्त. रूळ सगळ्यांसाठी होते, पण दरपत्रकात धंद्याचा निकाल आधीच लागलेला होता.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम काढला: वेबसाइट किंवा ॲप बघून डेटाचा दर बदलायचा नाही. मोडला तर दिवसाला ५०,००० रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. तीन दिवसांत फेसबुकने भारतातली फ्री बेसिक्स सेवा बंद केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा कोसळला, आणि ‘गरिबाला निदान थोडं तरी फुकट द्या’ या मुद्द्यातली हवाच गेली. जुलै २०१८ मध्ये सरकारने अडवणे, वेग कमी करणे, पैसे घेऊन पुढे काढणे यांवरची बंदी कंपन्यांच्या परवान्याच्या अटींत घालायला मंजुरी दिली.

त्या लढाईतली एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांना बटण दाबून ट्रायला आधीच लिहिलेला ईमेल पाठवायला लावलं. लाखोंनी ईमेल गेले. ट्रायने म्हटलं, आम्ही चार प्रश्न विचारले होते, त्यांची उत्तरं यात कुठे आहेत? बँकेत कर्जाचा अर्ज देताना, टेंडर भरताना, योजनेचा फॉर्म भरताना हे आठवा. विचारलंय त्याचं उत्तर द्या.

मग आता काळजी कशाची?

पहिली गोष्ट, हे संरक्षण संसदेच्या कायद्यातल्या एखाद्या कलमात लिहिलेलं नाही. ते ट्रायच्या नियमावलीत आणि परवान्याच्या अटींत आहे. अटी आणि नियमावली बदलायला संसद लागत नाही. त्यातच २०२३ च्या दूरसंचार कायद्याने परवान्याची जुनी पद्धत बदलून ‘अधिकृतता’ देण्याची नवी पद्धत आणली. जुन्या अटी नव्या चौकटीत शब्दशः येतात की पातळ होऊन येतात, हे बघत राहावं लागतं.

अमेरिकेत काय झालं बघा. २०१५ मध्ये नियम आला, डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या आयोगाने तो रद्द करायचं ठरवलं, एप्रिल २०२४ मध्ये परत आणला, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो उडवला. सरकार बदललं की रस्त्याचा नियम बदलला. अशा जमिनीवर दुकान बांधायचं कसं?

दुसरी गोष्ट, मोबाइल कंपन्यांची नवी मागणी. त्या म्हणतात, टॉवर आम्ही उभारतो, स्पेक्ट्रम आम्ही विकत घेतो, आणि व्हिडिओवाले मोठे प्लॅटफॉर्म आमच्या तारेवर फुकट धंदा करतात, त्यांनी वाटा द्यावा. यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, टॉवर हवेत उभा राहत नाही. पण ग्राहक रिचार्जचे पैसे आधीच देतो. एकाच पोत्याची हमाली दोघांकडून घेतल्यासारखं आहे हे.

आणि मोठ्यांवर बसलेला खर्च मोठ्यांकडे राहत नाही. दक्षिण कोरियात नेटवर्क वापराचे पैसे घेतले जातात. तिथून ट्विच ही व्हिडिओ सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये बाहेर पडली, खर्च इतर देशांच्या दहापट पडतो असं कारण देऊन. तिथे चॅनल चालवून पोट भरणाऱ्यांना नवं घर शोधावं लागलं. आपल्याकडे असा वाटा सुरू झाला तर माझा अंदाज सरळ आहे: जाहिरातीचा दर वाढेल, विक्रीवरचं कमिशन वाढेल, आणि ते भरेल वर्ध्यातला किंवा आर्वीतला विक्रेता.

दोन गैरसमज

‘माझी रील चालत नाही, हे नेट न्यूट्रॅलिटीचं उल्लंघन आहे का?’ नाही. कोणाची रील दाखवायची हे इन्स्टाग्राम ठरवतं, मोबाइल कंपनी नाही. ती वेगळी दादागिरी, तिला हा नियम लागू होत नाही. म्हणून तर मी सारखा सांगतो, पेज ठेवा पण स्वतःची वेबसाइट आणि ग्राहकांच्या नंबरांची वही पण ठेवा.

आणि रिचार्जवर एखाद्या ओटीटीचं सबस्क्रिप्शन फुकट मिळतं ते? तिथे सिनेमा बघताना डेटा तुमच्याच पॅकमधून कापला जातो, त्यामुळे ते या नियमात येत नाही. गावात नेट सगळंच रडतखडत चालत असेल तर तेही नाही. सगळ्या वेबसाइट सारख्याच हळू असतील तर तो टॉवरचा प्रश्न. ठरावीकच हळू असतील तर मात्र कान टवकारा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या वस्तूचं पान दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर, एकाच जागी, एकाच वेळी उघडा. किती सेकंद लागले ते लिहा. मग एका मोठ्या शॉपिंग ॲपमधलं तशाच वस्तूचं पान उघडून तेही लिहा. फरक दिसला म्हणून लगेच कोणावर आरोप करू नका. मोठ्या कंपन्या आपल्या फाइल ग्राहकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवतात, ते कायदेशीर आहे आणि थोड्या पैशांत तुम्हालाही करता येतं. बहुतेक वेळा दोष आपल्या चार एमबीच्या फोटोंचाच निघतो. तीन-चार दिवस रोज मोजा, तारीख-वेळ टाका. एकाच सिमवर तुमचंच पान सतत अडत असेल तर कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

दुसरं काम दहा मिनिटांचं. ट्रायच्या वेबसाइटवर ‘कन्सल्टेशन’ नावाचा विभाग आहे. तिथे सध्या कोणता कागद मतांसाठी खुला आहे आणि शेवटची तारीख काय, ते वहीत टिपा. इंटरनेटच्या दराचा, वाट्याचा किंवा अधिकृततेच्या अटींचा कागद दिसला, तर त्यातला तुमच्या धंद्याशी लागू होणारा एक प्रश्न निवडा आणि पाच-सात ओळींत आपला हिशोब मांडा: पान किती एमबीचं, ग्राहक किती, एका पाकिटावर सुटतात किती. मोठ्या कंपन्यांचे वकील पन्नास पानं लिहितात, पण हा आकडा त्यांच्याकडे नसतो.

चार एमबीचं पान एक एमबीच्या आत कसं आणायचं, ते पुढच्या व्हिडिओत मोबाइलवरच करून दाखवतो. तुमच्या वस्तूचे पाच फोटो काढून तयार ठेवा.