चतुर्थीची भरती आणि कर्लीची खाडी

मालवणहून दक्षिणेकडे तारकर्ली ओलांडून देवबागच्या वाटेला लागले, की उजव्या हाताला माडांमागे समुद्र गाजत असतो आणि डाव्या हाताला, जेमतेम हाकेच्या अंतरावर, कर्ली नदी आपले रुंद, खारट पाणी घेऊन निःशब्दपणे संगमाकडे चाललेली असते. वाळूच्या ह्या चिंचोळ्या पट्टीवर येणारा बहुतेक प्रवासी उजवीकडे वळतो. सिंधुदुर्ग आणि निवती हे दोन किल्ले पाहून झाल्यावर ज्याच्यापाशी एक दुपार शिल्लक असेल, त्याने ती डावीकडे, कांदळवनाच्या सावलीत गरी टाकून घालवावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. गळाने मासे धरण्याच्या ह्या उद्योगाला इकडे ‘गरवणे’ म्हणतात.

गरवायला जाण्याचा दिवस मुक्रर करताना रविवार कधी आहे हे पाहण्याआधी पंचांग उघडावे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा पिढीजात हिशेब आजही पुष्कळसा बिनचूक ठरतो. अष्टमीला ६ वाजता भरती, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराला, आणि तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. उधाणाच्या दिवसांत पाण्याला इतकी ओढ असते की शिसे तळाशी ठरत नाही आणि वाहून येणारा पाचोळा तंगुसाला गुंडाळत राहतो. उलट अष्टमीच्या भांगात पाणी इतके मंदावते की मासळीही सुस्तावल्यासारखी वाटते. म्हणून मध्यम ओढीची आणि ३ वाजता भरती देणारी चतुर्थी, मग ती शुद्ध असो वा वद्य, दुपारच्या गरवण्यासाठी मला सर्वांत सोयीची वाटते. दीड वाजता चढत्या पाण्यावर बसावे, भरतीच्या माथ्यावर पाणी स्तब्ध झाले की शिदोरी सोडावी, आणि पुढचे दोन तास उतरत्या पाण्यावर गरवावे. मुखापासून जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. तेव्हा अर्धा तास हाताशी राखावा, आणि ज्याच्या होडीतून जायचे त्याचा शब्द पंचांगाहूनही प्रमाण मानावा.

ऋतूचे म्हणाल तर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात नदी गढूळ आणि गोडी होते. शिवाय १ जून ते ३१ जुलै ह्या मुदतीत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, ती मासळीच्या विणीसाठी आहे हे ध्यानी घेऊन हौशी माणसानेही त्या दोन महिन्यांत गरी गुंडाळून ठेवावी.

सरंजाम थोडका पुरतो. लाकडाच्या चौकटीवर गुंडाळलेला चाळीस-पन्नास मीटर तंगूस, चार-पाच गऱ्या, शिशाचे लहानमोठे तुकडे, पक्कड आणि पाण्याची बाटली एवढे असले की झाले. कांदळाच्या फांद्या डोक्यावर आलेल्या असताना लांब काठी अडखळते. हातातली दोरीच बरी. आमिष म्हणून तारलीचे तुकडे चालतात, परंतु जिवंत कोळंबीची सर कशालाच नाही. गरी तिच्या शेपटीच्या टोकाशी, शेवटून दुसऱ्या पेरात अलगद ओवावी, म्हणजे ती पाण्यात बराच वेळ जिवंत राहून हातपाय मारते.

जागा निवडण्यात मात्र खरे मर्म आहे. कांदळाची कमानीसारखी मुळे, तिवराची चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वसनमुळे, आणि २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झालेली पांढरी चिपी, ह्या सर्वांची गळलेली पाने कुजून त्यांवर खेकडे व कोळंबी पोसली जातात. भरती आली की मासे लहान ओहळांतून थेट मुळांमध्ये शिरून हे अन्न शोधतात, आणि ओहोटीला ओहळ रिकामा होऊ लागला की बाहेर वाहून येणाऱ्या जिवांची वाट पाहत तांबोशीसारखा शिकारी मासा ओहळाच्या तोंडाशी दबा धरतो. म्हणून असे एखादे तोंड हेरून, बांबू रोवून होडी बांधावी आणि तिथेच बसावे. दर पंधरा मिनिटांनी जागा बदलणाऱ्याच्या हाती खाडी काही देत नाही, असा माझा अनुभव आहे.

दोरी तर्जनीवरून सोडून अंगठ्याने हलकीच दाबून धरावी, कारण पाण्याखाली काय चालले आहे ते बोटालाच कळते. टुकटुक असे भराभर टोचले तर बारके मासे आमिष कुरतडत आहेत. दोरी जड होऊन सावकाश एका बाजूला ओढली गेली तर कुर्लीने नांगी घातली आहे, आणि तिला तितक्याच सावकाश वर घ्यावे. तांबोशीची तऱ्हा निराळी. एकच जबर हिसका बसतो, बोटावर तंगुसाची लाल रेघ उमटते, आणि मासा क्षणार्धात मुळांकडे धाव घेतो. त्या पहिल्या दोन-तीन हातांत दोरी सैल दिली की ती मुळांना वेढली जाऊन तुटलीच म्हणून समजावे.

शेंगटी लागली तर घाई करू नये. होडीत येताच ती कुरकुर आवाज करते आणि पाठीवरचा व दोन्ही कल्ल्यांमागचा असे तीन काटे ताठ उभारते. ते विषारी असतात. पकडीने गरी सोडवावी, हात लावू नये. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसवेल तितक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी, कारण उष्णतेने त्या विषाचा जोर मोडतो. आणि त्यानंतर दवाखान्यात जावे.

शक्यतो चिखलात उतरू नये. उतरणे भागच पडले तर नाडीचे जुने कापडी बूट घालावेत, कारण चपला चिखल ठेवून घेतो आणि कालवांच्या धारेने तळवा कापतो. जिथे श्वसनमुळे दाट असतील तिथली जमीन घट्ट, उघडा चकचकीत चिखल फसवा. वाशिष्ठी आणि सावित्रीच्या खाड्यांत मगरी आहेत. तिथे पाण्यात पाय टाकूच नये.

आणखी एक बाब. खाडीकाठची खाजणे पडीक दिसली तरी त्यांना मालक आणि वहिवाट असते. गोव्यात तर खाजणाच्या मानशीवर, म्हणजे भरतीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या उघाडीवर, मासे धरण्याच्या हक्काचा रीतसर लिलाव होतो. तेव्हा बांधावर किंवा उघाडीपाशी गरी टाकण्याआधी गावात विचारावे. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे आणि त्यासाठी २०१२ पासून राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्षही आहे; चुलीसाठी एक काटकीसुद्धा मोडू नये. वीतभराहून लहान मासा आणि पोटाखाली अंडी असलेली कुर्ली पुन्हा पाण्यात सोडावी.

पाचला आवरते घ्यावे. एकदा मासा लागत आहे ह्या मोहापायी आम्ही साडेसहापर्यंत रेंगाळलो, आणि परतताना होडी चिखलावर टेकली ती रात्री अकराच्या पुढे, नवी भरती चढल्यावरच हलली. निघताना मुळांत अडकलेला तंगूस जमेल तितका सोडवून घ्यावा, कारण तो कुजत नाही आणि पाणकावळ्याच्या पायांना, पाणमांजराच्या गळ्याला फास होऊन बसतो. तुटलेला शेवटचा तुकडाही खिशात घालून घरी आणावा.