ऑरगॅनिकच्या धास्तीने वाट बदलू नका

दिवाळीची सुट्टी संपली की अकरावी सायन्सच्या वर्गांत ऑरगॅनिक केमिस्ट्री सुरू होते, आणि संक्रांतीच्या आसपास घरोघरी काळजी. दहावीला विज्ञानात पंचाण्णवच्या पुढे असलेल्या मुलाला युनिट टेस्टमध्ये निम्मे मार्कही पडत नाहीत. मग आई-बाबा विचारू लागतात, क्लास बदलावा का, ग्रुप बदलावा का, की सायन्सच सोडावं?

यातलं काहीही ठरवण्याआधी मुलाची रफ वही उघडून बघा. तिच्यात रेणूंच्या आकृत्या आहेत का? इलेक्ट्रॉन कुठून निघून कुठे गेले हे दाखवणारे वाकडे बाण आहेत का? की अभिक्रियांच्या नुसत्या याद्या उतरवल्या आहेत? याद्याच असतील तर मूल बुद्धीने कमी पडलेलं नाही, त्याची अभ्यासाची रीत चुकते आहे. ती बदलता येते, आणि अकरावीत ती बदलायला भरपूर वेळ असतो.

दहावीच्या पुस्तकात ‘कार्बनी संयुगे’ हा एकच धडा होता. क्रियात्मक गट, समजातीय श्रेणी, दोन-चार अभिक्रिया. पाठांतरावर सहज निभायचं. राज्य मंडळाच्या अकरावीत मूलतत्त्वं आणि हायड्रोकार्बन येतात. बारावीत हॅलोजन संयुगं, अल्कोहोल-फिनॉल-ईथर, अल्डिहाइड-कीटोन-आम्लं आणि अमाइन असे सलग धडे येतात, पुढे जैवरेणू आणि पॉलिमर. इतकं सगळं पाठ करून कोणाचं निभत नाही.

मी मुलांना नेहमी एकच उदाहरण देतो. प्रोपीनच्या रेणूत तीन कार्बन ओळीने असतात, त्यातल्या दोघांत दुहेरी बंध. त्याच्याशी हायड्रोजन ब्रोमाइडची अभिक्रिया केली तर ब्रोमीन टोकाच्या कार्बनवर बसेल की मधल्या? पुस्तक मार्कोव्हनिकॉव्हचा नियम सांगतं: दुहेरी बंधातल्या ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन, तिथेच नवा हायड्रोजन जातो. नियम पाठ, उत्तर २-ब्रोमोप्रोपेन, मार्क मिळाले. पुढे तीच अभिक्रिया पेरॉक्साइड घालून केलेली असते आणि उत्तर उलटं येतं, १-ब्रोमोप्रोपेन. पाठ करणाऱ्याला आता दुसरा नियम हवा. शिवाय हा परिणाम हायड्रोजन क्लोराइडला लागू होत नाही, हेही वेगळं लक्षात ठेवायचं.

आता बाण काढून बघा. दुहेरी बंधात इलेक्ट्रॉन दाटलेले असतात. पेरॉक्साइड नसेल तर त्यांच्याकडे आधी प्रोटॉन येतो. तो टोकाच्या कार्बनला जोडला गेला की धन प्रभार मधल्या कार्बनवर येतो. दोन्ही बाजूंचे मिथिल गट त्या प्रभाराला आधार देतात, म्हणून तो टोकापेक्षा मधे जास्त स्थिर असतो. मागून आलेला ब्रोमाइड तिथेच बसतो. पेरॉक्साइड असेल तर आधी येतो ब्रोमीनचा फ्री रॅडिकल. तोही टोकालाच जोडला जातो, कारण मग एकटा उरलेला इलेक्ट्रॉन मधल्या कार्बनवर राहतो आणि तिथेच जास्त स्थिर असतो. हायड्रोजन त्यानंतर मधे बसतो. म्हणजे मधली अवस्था जिथे अधिक स्थिर, त्या वाटेने अभिक्रिया जाते, हे दोन्हीकडे सारखंच. आधी कोण आलं, एवढंच बदललं. बारावीत तृतीयक हॅलाइडची एसएन१ अभिक्रिया किंवा अल्कोहोलमधून पाणी काढून अल्कीन करणं आलं की याच विचाराने उत्तर काढता येतं.

म्हणून रोज अर्धा तास, पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर दोन-तीन अभिक्रिया बाणांसकट काढाव्यात आणि प्रत्येक बाणाचं कारण मोठ्याने सांगावं. ऐकायला आई किंवा बाबा बसले तर फार उत्तम. त्यांना केमिस्ट्री येण्याची गरज नाही. करून बघायला घरात हळद आहेच. हळदीचा डाग साबणाने तांबडा होतो आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. कर्क्युमिनवरचे फिनॉल गट अल्कलीत प्रोटॉन सोडतात, म्हणून रंग बदलतो. हळदीला चुना लावून कुंकू होतं ते याच रसायनाने. बारावीतला फिनॉलच्या आम्लतेचा भाग इथून सुरू करून बघा. मॉरिसन-बॉइड किंवा क्लेडनचे जाडजूड ग्रंथ मात्र आताच आणू नका, ते पदवीच्या वर्गांसाठी आहेत. आधी पाठ्यपुस्तक, आणि नीट देणाऱ्यांसाठी एनसीईआरटी.

परीक्षांचं थोडक्यात सांगतो. नीटमध्ये केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न, १८० गुण, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण वजा. एमएचटी-सीईटीत केमिस्ट्रीचे ५० गुण, उणे गुण नाहीत, आणि साधारण २० टक्के भाग अकरावीचा.

आता पुढच्या वाटांबद्दल. मुलाला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगलाच जायचं असेल तर ऑरगॅनिक त्याला प्रवेश परीक्षेपुरतं लागेल. त्यासाठी घरात भांडणं नकोत. पण औषधं, रंग, सुगंधी द्रव्यं, प्लास्टिक, कीटकनाशकं यांपैकी कशाचीही ओढ असेल, तर महाराष्ट्रात जन्मणं हे त्याचं भाग्य आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झालेली माटुंग्याची आयसीटी इथे आहे, आता तिचं जालन्यालाही केंद्र आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर तिथलेच विद्यार्थी. पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिचे पहिले भारतीय संचालक, रंगरसायनाचे जाणकार के. वेंकटरामन, माटुंग्याहूनच तिथे गेले. शेजारी २००६ साली आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आली. तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे, कुरकुंभ इथल्या कारखान्यांना आणि गोव्यात वेर्ण्याच्या औषध कंपन्यांना रसायनशास्त्र जाणणारी माणसं लागतात.

एक गल्लत अनेक घरांत होते. केमिकल इंजिनीअरिंग म्हणजे जास्त केमिस्ट्री, असं नाही. तिथे उष्णता, प्रवाह, दाब आणि भरपूर गणित असतं. रेणू घडवण्याची आवड असेल तर बीएस्सी-एमएस्सी, आयसर किंवा बी. फार्म. बघा. बीएस्सीवर मिळणारी पहिली नोकरी बहुधा क्वालिटी कंट्रोलमधली, शिफ्टची असते. संशोधन विभागात शिरायला एमएस्सी, आणि पुढे अनेकदा पीएचडी लागते. हे मुलाला आधीच सांगा. आवड असलेली मुलं त्याने मागे हटत नाहीत.

बीएस्सीला कॉलेज निवडताना कट-ऑफच्या आधी प्रयोगशाळा बघायला जा. प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या हाताने ऊर्ध्वपातन करतो की चौघांत एक फ्लास्क असतो, फ्यूम हूड चालू आहे का, जर्नल प्रयोग करून लिहितात की मागच्या वर्षीच्या वहीवरून, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. ती खरं सांगतात.