गार्ड परत बसव

कोल्हापूर

चि. सौ. मीनूस,

परवा आक्काचा फोन आला. ती कौतुकानं सांगत होती, "मीनूनं गॅरेजात रंध्याचं मोठं मशीन आणलंय, फळी अशी गुळगुळीत निघते की हात फिरवत राहावं." मग जाता जाता म्हणाली, "त्यावर एक लाल पान असतंय बघ, ते सारखं अडकत होतं म्हणून तिनं काढून ठेवलंय." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. ते लाल पान म्हणजे पात्यांवरचा गार्ड, हे आक्काला माहीत नाही. तुला माहीत आहे.

फोन न करता कागदावर लिहून फोटो पाठवतोय, कारण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणून विषय बदलतेस. तात्या आजोबांच्या बाबतीतही हेच करायचीस. तर आधी गॅरेजात जा, गार्ड बसव, मग पुढचं वाच.

गार्ड अडकतो म्हणजे मशीन अजून नीट लागलेलं नाही. बहुतेक तो टेबलाला घासत असेल. प्लग काढ, गार्डचा दांडा जिथं बसतो तिथला स्क्रू ढिला कर, दांडा जरासा वर घे आणि आवळ. मग हातानं गार्ड बाहेर ओढून सोडून दे. तो आपणहून, झटक्यात, फेन्सला जाऊन भिडला पाहिजे. रेंगाळला तर स्प्रिंगला आणखी थोडा पीळ दे. एवढंच काम आहे आणि ते तू केलं नाहीस. तू गाड्यांच्या ब्रेकवर काम करतेस. ब्रेक आवाज करतो म्हणून कुणी तो सोडवून ठेवला असता, तर तू त्याला गाडीत बसू दिलं असतंस का?

त्या मशीनचा कटर ब्लॉक मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे घेतो. तीन पाती धरलीस तर सेकंदाला अडीचशे घाव झाले. चालू असताना पाती दिसतच नाहीत, नुसती एक राखाडी चकाकी दिसते, आणि माणूस फसतो तो तिथंच. करवतीनं तुटलेलं बोट कधी कधी डॉक्टर जोडतात. या मशीनमधून जोडायला काही उरतच नाही. हे मी ऐकीव सांगत नाही.

मी हेल्पर होतो तेव्हाची गोष्ट. फाउंड्रीचं नाव सांगत नाही, ती आता बंदही पडली. तिथल्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करायचे तिथं, मशीनचा गार्ड भिंतीवर खिळ्याला टांगलेला असायचा. त्यावर भुशाचा थर होता. १९४८ च्या कारखाना कायद्याचं २१ वं कलम चालत्या यंत्राला आडोसा हवा असं सांगायचं, आणि त्या कायद्याचा कागद चौकटीत घालून साहेबांच्या केबिनमध्ये लावलेला होता. आमचे मोठे मिस्त्री, ज्यांचा हात बघायला शिरोलीहून माणसं यायची, ते एका कोअर बॉक्ससाठी वीतभर सागाचा तुकडा रंधत होते. तुकडा आखूड, गाठ मध्यावर. गाठीवर पातं आपटलं, तुकडा मागं उडाला आणि हात पुढं गेला. आवाजसुद्धा वेगळा आला नाही. उजव्या हाताची दोन बोटं पेरापर्यंत गेली. पुढं त्यांच्या शर्टाची बटणं त्यांची बायको लावून द्यायची. मी घरी गेलो की दारात बसून हसत सांगायचे, "बघ, आता मी साहेब झालो." मला हसायला यायचं नाही. रोज सकाळी झाडू मारताना तो टांगलेला गार्ड मी बघत होतो. एकदा तरी "मिस्त्री, हा लावूया का?" असं विचारायला हवं होतं. एकोणीस वर्षांच्या पोराचं त्यांनी ऐकलं असतं की नाही, देव जाणे. पण विचारलं नाही, ते राहिलंच. म्हणून आज तुला न विचारता सांगतोय.

तुझ्या गॅरेजात कुणी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार नाही. दार बंद करून एकटी काम करतेस, जावई ऑफिसात. काही झालं तर हाक कुणाला मारशील?

बारा इंचांपेक्षा आखूड तुकडा त्या मशीनवर चढवायचाच नाही. लांब फळी रंधून घे, मग काप. रुंद बाजू काढताना दोन्ही हातांत पुश ब्लॉक पाहिजेत, तळवा कटरवरून जाता कामा नये. एका वेळी सोळांश इंच पुष्कळ झालं, आणि मेपलसारख्या चिवट लाकडाला त्याच्या निम्मंच घे. बरोबर आलेल्या कागदात आठांश इंच लिहिलं असेल, तिकडं बघू नकोस. हातमोजे घालू नकोस. तुमच्याकडची थंडी मला ठाऊक आहे, डेट्रॉइटला आलो तेव्हा गॅरेजात श्वासाची वाफ दिसत होती. पण बोटं बधिर झाली असतील तर त्या दिवशी मशीन लावूच नकोस, घरात चहा पी. हुडीच्या नाड्या कापून टाक. बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ठेव, आक्काला मी समजावतो. आणि छकुली घरात असताना प्लग काढलेला असू दे. स्विचला निघणारी किल्ली असेल तर ती तुझ्या खिशात पाहिजे.

आता मशीन लावण्याबद्दल. दोन्ही टेबलांवरचं ग्रीस तू पुसलंस, मेण लावलंस, २४० व्होल्टची लाइन स्वतंत्र घेतलीस, हे आक्कानं सांगितलं. छान केलंस. (तिला "व्होल्ट" म्हणता येईना, पण आकडा पाठ केला होता.) तिकडं थंड लोखंडावर दमट हवा आली की एका रात्रीत गंज धरतो, तेव्हा मेण अधूनमधून लावत राहा.

सगळी मेख पलीकडच्या टेबलात आहे. रंधलेली फळी ज्यावर उतरते त्या टेबलाची पातळी पात्याच्या सर्वांत उंच टोकाशी तंतोतंत जुळली पाहिजे. टेबल खाली राहिलं तर फळीचं शेवटचं टोक खाली बसतं आणि तिथं खड्डा पडतो. वर राहिलं तर फळी त्याच्या कडेला अडते, नाहीतर एका टोकाला निमुळती निघते. प्लग काढून लाकडाची सरळ पट्टी त्या टेबलावर ठेव, पुढचं टोक कटरवर येऊ दे, आणि ब्लॉक हातानं सावकाश फिरव. पात्यानं पट्टीला हलकंसं पुढं सरकवलं पाहिजे, फार तर तीन मिलिमीटर, आणि प्रत्येक पात्यानं सारखंच. हे करताना घाई केलीस तर पुढं महिनाभर लाकडाला शिव्या देत बसशील.

फळी रुंदीत वळलेली असेल तर पोकळ बाजू खाली, म्हणजे ती दोन कडांवर बसते, डुलत नाही. आणि दाबू नकोस. दाबलीस तर तेवढ्यापुरती सरळ होईल, हात काढलास की पुन्हा वाकेल. लाकडाचा रेशा उलटा लागला की फळी खरखरीत निघते आणि आवाजच बदलतो. तेव्हा थांब, फळी फिरवून घे. मग दोन फळ्यांच्या कडा रंधून एकीवर एक उभ्या धर आणि खिडकीसमोर ने. मधून उजेड दिसला नाही तर मशीन लागलं म्हणायचं. पहिल्या झटक्यात दिसणारच, त्यानं नाराज होऊ नकोस.

मीनू, रागावून लिहिलं खरं. पण रात्री पडल्या पडल्या वाटत होतं, आमच्या घरात चौथ्या पिढीत कुणी लाकूड हातात घेतलं, तेही मिशिगनमध्ये बसून. तात्यांना हे बघायला मिळायला हवं होतं. तुझं मशीन कुठं ओतलं कुणास ठाऊक, पण एक सांगतो. ते बिडाचं टेबल वाळूत ओतण्याआधी कुणीतरी त्याचा पॅटर्न केला असणार. बीड थंड होताना शेकडा एक आकसतं, म्हणून आम्ही पॅटर्न तेवढा मोठा करतो, त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते. कधीतरी त्या टेबलाच्या खालून हात फिरव. फासळ्या जिथं टेबलाला मिळतात तिथला कोपरा गोल लागेल. तशी गोलाई आम्ही मेणाची किंवा चामड्याची पट्टी बसवून बोटानं दाबून करायचो. माझ्यासारख्याच कुणाचा तरी हात तिथं फिरला असेल.

आक्का दिवाळीनंतर तुझ्याकडं येतेय. तिच्या बॅगेत माझा लहान रंधा देतोय, सागाचा, पातं नुकतंच लावलंय. मशीननं काढलेल्या कडेवर शेवटचा हात त्यानंच फिरव. त्याची मूठ माझ्या पंजाच्या मापाची आहे, तुला मोठी पडेल. तर असं कर, गार्डचा फोटो पाठवशील त्याच्याबरोबर कोऱ्या कागदावर उजवा हात पसरून ठेव, छकुलीला पेन्सिलीनं भोवती रेघ काढायला सांग, आणि बाजूला फूटपट्टी ठेवून त्याचाही फोटो पाठव. त्या मापाची नवी मूठ करून बसवतो.

तुझा
मामा