सवलत मालाला की माणसाला?

मार्च अखेर जवळ आली की कापड बाजारातील प्रत्येक पेढीवर एकच चर्चा चालते. परदेशी कंपनीला सरकार पायघड्या घालते आणि आपल्याला मात्र नोटीस पाठवते. मी स्वतः हे वाक्य गेली तीस वर्षे बोलत आलो आहे. मागील हिशेबाच्या वेळी माझा पुतण्या, जो बी.कॉम. झालेला आहे आणि आता गादीवर बसतो, मला म्हणाला, "चाचा, त्यांना आहे आणि आपल्याला नाही अशी सवलत नेमकी कोणती, ते कागदावर लिहून दाखवा ना." मी कागद घेतला. दोन ओळी लिहिल्या आणि थांबलो. तक्रार खरी असेल तर ती वहीत मांडता आली पाहिजे. नाहीतर ती नुसती कुरकुर होय. त्या दिवसापासून जे वाचले आणि जे समजले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहे.

पहिला प्रश्न असा की बाहेरच्या व्यापाऱ्याला सवलत देणे हा मुळातच अन्याय आहे काय? आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर 'होय' असेल. माझेही होते. पण इस्लामी इतिहासात याचे उत्तर वेगळे सापडते.

ह. उमर फारूक (रजि.) यांच्या खिलाफतीत (इ.स. ६३४ ते ६४४) व्यापारी मालावर 'उशूर' नावाचा कर घेण्याची पद्धत सुरू झाली. ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी कळविले होते की आपले व्यापारी परक्या मुलखात जातात तेव्हा त्यांच्याकडून तेथे दहावा हिस्सा घेतला जातो. खलिफांनी उत्तर दिले की ते आपल्या व्यापाऱ्यांकडून जितके घेतात तितकेच तुम्ही त्यांच्या व्यापाऱ्यांकडून घ्या. अशा रीतीने परदेशी व्यापाऱ्यावर दशांश म्हणजे १० टक्के, राज्यातील बिगर मुस्लिम व्यापाऱ्यावर ५ टक्के आणि मुस्लिम व्यापाऱ्यावर चाळिसावा हिस्सा म्हणजे अडीच टक्के असा दर ठरला. मुस्लिमाचा अडीच टक्के ही त्याची जकातच होती. (मराठीत नाक्यावरच्या करालाही जकातच म्हणत असत, त्यामुळे आपल्याकडे फार घोळ होतो. नाका २०१७ साली जीएसटी आल्यावर मुंबईतूनही गेला, आपली जकात कायम आहे.) एकाच देशाच्या नागरिकांत धर्मावरून करात फरक असावा अशी मागणी आज कोणी करीत नाही आणि करूही नये. येथे पाहण्याची गोष्ट म्हणजे परदेशी माणसाचा दर परस्पर व्यवहारावर ठरला होता, रागावर किंवा लोभावर नाही.

आता पुढचे पाहा. याच ह. उमर (रजि.) यांनी मदीनेत धान्य आणणाऱ्या नबती व्यापाऱ्यांना सवलत दिली. इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुवत्ता' या ग्रंथात याची नोंद आहे. गहू आणि जैतुनाचे तेल यांवर त्यांच्याकडून दहाव्याच्या निम्मे, म्हणजे विसावा हिस्सा घेतला जाई. हेतू हा की हा माल मदीनेत जास्त यावा. मात्र त्याच व्यापाऱ्याने डाळी, कडधान्ये आणली तर पूर्ण दशांश. म्हणजे उंट तोच आणि मालकही तोच, परंतु एका गोणीवर सवलत आणि दुसऱ्या गोणीवर नाही. सवलत माणसाला नव्हती, मालाला होती. ज्या मालाची लोकांना गरज, त्यालाच ती मिळे.

एक तिसरी हकीकतही प्रसिद्ध आहे. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी 'किताबुल खराज' मध्ये ती दिली आहे. एका ख्रिस्ती व्यापाऱ्याकडून वसुली अधिकारी जियाद बिन हुदैर यांनी एका घोड्यावर कर घेतला. परतीच्या वाटेवर त्याच घोड्यावर पुन्हा मागितला. तो माणूस सरळ मक्केत खलिफांकडे गेला. खलिफांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले की तुझे काम झाले. त्या बिचाऱ्याला वाटले की आपल्याला वाटेला लावले. दुसऱ्यांदा कर भरण्याची मनाची तयारी करून तो परत नाक्यावर आला, तर खलिफांचा हुकूम त्याच्या आधीच येऊन पोचला होता. एका वर्षात एका मालावर दुसऱ्यांदा कर घ्यायचा नाही. आज ज्याला दुहेरी कर टाळण्याचा करार म्हणतात त्याचे मूळ तत्त्व हेच आहे. हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता सवलत माणसाला दिली तर काय होते, त्याचा दाखला आपल्याच देशात आणि आपल्याच धंद्यात आहे. १७१७ साली बादशाह फर्रुखसियर याने ईस्ट इंडिया कंपनीला फर्मान दिले. बंगालमध्ये वर्षाला फक्त ३,००० रुपये भरायचे आणि मग कंपनीचा माल महसुलातून माफ. सुरतेसाठी रक्कम वर्षाला १०,००० रुपये. कंपनीच्या मालाबरोबर 'दस्तक' नावाची चिठ्ठी असे आणि ती दाखविली की चौकीवर माल अडवीत नसत. त्या काळी बंगालचे सुती व रेशमी कापड हा कंपनीच्या निर्यातीचा मोठा माल होता. दरबाराला वाटले असेल की ३,००० रुपये रोख मिळतात, आपले जाते काय?

जे गेले ते असे. चिठ्ठीवर मालाची मर्यादा पाळली गेली नाही. कंपनीचे नोकर स्वतःच्या खासगी व्यापारावर तीच दस्तक लावू लागले. १७५७ च्या प्लासीनंतर तर मीठ, सुपारी, तंबाखू अशा देशातल्या देशात विकल्या जाणाऱ्या मालावरही लावू लागले. पुढे ही चिठ्ठी चक्क विकली जाऊ लागली आणि काही हिंदी व्यापारीही पैसे देऊन कंपनीच्या नावाखाली माल काढू लागले. जो व्यापारी चिठ्ठी विकत घेणार नाही आणि सरळ महसूल भरील, तोच बाजारात महाग ठरे. आपण व्यापारी आहोत, याचा अर्थ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. शेजारच्या गाळ्यावर तेच थान दोन पैसे कमी भावाने मिळत असेल तर गिऱ्हाईक आपली इमानदारी पाहून थांबत नाही.

नवाब मीर कासिम याने हे ओळखले. १७६२ च्या अखेरीस मुंगेर येथे कंपनीचा गव्हर्नर व्हॅन्सिटार्ट याच्याशी त्याची तडजोड झाली की इंग्रजांनी खासगी व्यापारावर ९ टक्के द्यावेत. हिंदी व्यापाऱ्यांना यापेक्षा कितीतरी जास्त द्यावे लागे, तरी नवाब तयार झाला. कलकत्त्याच्या कौन्सिलने ही तडजोड फेटाळली आणि फक्त मिठावर अडीच टक्के देऊ असे कळविले. तेव्हा मार्च १७६३ मध्ये मीर कासिमने वेगळाच मार्ग काढला. त्याने सर्वांचाच अंतर्गत महसूल दोन वर्षांसाठी माफ करून टाकला. परदेशी असो की देशी, कोणालाच काही नाही. स्वतःच्या खजिन्याचे नुकसान सोसून त्याने आपल्या व्यापाऱ्याला बरोबरीवर आणले.

यावर कौन्सिलने काय म्हणावे? त्यांनी आग्रह धरला की हिंदी व्यापाऱ्यांवर महसूल पुन्हा बसवा! व्हॅन्सिटार्ट आणि वॉरन हेस्टिंग्ज एवढे दोघेच या मागणीच्या विरुद्ध होते. म्हणजे कंपनीच्या लोकांना नुसती सवलत नको होती. दुसऱ्याला ती नसणे हाच त्यांचा नफा होता. त्या वर्षी लढाई सुरू झाली, २२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सरला निकाल लागला आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणीच कंपनीकडे गेली. शाळेत उर्दूतून इतिहास शिकताना बक्सरची तारीख आम्ही पाठ केली होती. ती लढाई महसुलाच्या दरावरून झाली हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळले.

इंग्रजी अमलातही हाच खेळ उलट्या बाजूने झाला. १८९६ साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयात कर होता, तर मँचेस्टरच्या समाधानासाठी हिंदुस्थानातील गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के उत्पादन कर बसविला. तो १९२६ साली कायमचा रद्द होईपर्यंत मुंबईच्या गिरण्यांनी त्याविरुद्ध तक्रार केली. हातमाग त्यातून वगळलेला होता, एवढे मात्र खरे.

आता आपल्या काळाकडे येऊ. भारत आणि मॉरिशस यांच्यात १९८२ साली दुहेरी कर टाळण्याचा करार झाला. हेतू ह. उमर (रजि.) यांच्या हुकुमासारखाच, एका कमाईवर दोनदा कर नको. पण करारात शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर घेण्याचा हक्क मॉरिशसकडे ठेवला होता आणि मॉरिशस असा कर घेतच नाही. परिणाम असा की दोनदा नको म्हणता म्हणता एकदाही नाही. १९९१ नंतर परदेशी गुंतवणुकीला दार उघडले तेव्हा पुष्कळ कंपन्यांनी मॉरिशसचा पत्ता घेतला. २००० सालापासून पुढची पंधरा-सोळा वर्षे पाहिली तर थेट परदेशी गुंतवणुकीचा सुमारे एक तृतीयांश भाग त्या छोट्याशा बेटावरून आलेला दिसतो. एवढा पैसा तेथे पिकत होता काय? पत्ता तेथला होता, पैसा कोठलाही. आपल्याच देशातला पैसा बाहेर जाऊन त्या पत्त्यावरून परत येतो असाही आक्षेप वारंवार घेतला गेला. एप्रिल २००० मध्ये तर प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढले की मॉरिशसचे रहिवासी प्रमाणपत्र असले म्हणजे पुरे. मला त्यात फर्रुखसियरची दस्तकच दिसते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते परिपत्रक रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००३ मध्ये ते पुन्हा कायम केले. अखेर १० मे २०१६ रोजी करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवरील नफ्यावर भारताला कर घेता येऊ लागला. चौतीस वर्षे लागली. या काळात येथला माणूस शेअर घेऊन काही महिन्यांत विकी तर नफ्यावर कर भरत होता.

याच्या उलट एक सवलत पाहा. २०२० च्या अर्थसंकल्पात परदेशी सरकारांच्या गुंतवणूक निधींना, ज्यांत आखाती देशांचे निधीही येतात, व्याज, लाभांश आणि भांडवली नफा यांवर करमाफी दिली. पण ती रस्ते, बंदरे, वीज अशा पायाभूत कामांतील गुंतवणुकीलाच, किमान तीन वर्षे पैसा ठेवण्याच्या अटीवर आणि मुदतीसह. ही मुदत २०२५ मध्ये वाढवून ३१ मार्च २०३० केली आहे. मुदत अशीच वाढत राहू नये, पण मदीनेच्या गव्हाची जात हिला लागू पडते. बंदर बांधायला पैसा येतो, तो आपल्या गाळ्याशेजारी थान विकायला बसत नाही. अशा सवलतीवर ओरडून आपण आपले वजन कमी करून घेतो.

मग आपली खरी तक्रार कोणती? माझ्या पुतण्याच्या कागदावर शेवटी जी ओळ राहिली ती हीच. परदेशी कंपनीने येथे नुसती शाखा काढली तर तिला आपल्यापेक्षा जास्त, ३५ टक्के दर आहे (२०२४ पर्यंत तो ४० होता). पण तिने येथे वेगळी कंपनी नोंदविली की ती देशी कंपनी ठरते आणि इतर काही वजावटी सोडल्यास २०१९ पासूनचा २२ टक्के दर तिला मिळतो, अधिभार व उपकर धरून २५.१७ टक्के. आपली भागीदारी फर्म मात्र ३० टक्क्यांवरच आहे, उपकर धरून ३१.२. फर्मच्या २० लाख रुपये करपात्र नफ्यावर ६,२४,००० रुपये कर, कंपनीच्या तेवढ्याच नफ्यावर ५,०३,३६०. फरक १,२०,६४० रुपये. नव्या कारखान्यांसाठी जो १५ टक्के दर होता (मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू करण्याच्या अटीवर), तोही कंपन्यांनाच होता. चार भावांनी फर्म करून नवे माग बसविले असतील तर त्यांना तो मिळाला नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फर्ममध्ये भागीदारांचा पगार मर्यादेपर्यंत वजा होतो, त्यांच्या भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत व्याज वजा होते (व्याज न घेणाऱ्या आपल्या बांधवांना याचा उपयोग नाही, हेही आहेच), आणि उरलेल्या नफ्याचा हिस्सा भागीदाराच्या हातात करमुक्त असतो. कंपनीचा लाभांश मात्र घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. म्हणून नफा घरी नेणाऱ्या फर्मचे नुकसान कमी. जो नफा धंद्यातच ठेवून माल आणि माग वाढवू पाहतो त्याचे नुकसान जास्त, आणि तेच कुटुंब वाढायला हवे.

तेव्हा रेषा देशी आणि परदेशी यांच्यामध्ये नाही. ती कंपनी आणि फर्म यांच्यामध्ये आहे, आणि आपल्या समाजाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या फर्ममध्ये किंवा एकट्याच्या नावावर आहे. आपण इतकी वर्षे चुकीच्या दारावर थापा मारीत होतो. बाजाराच्या असोसिएशनने अर्थसंकल्पापूर्वी निवेदन द्यायचे असेल तर त्यात परदेशी कंपन्यांचे नावही नको. धंद्यात ठेवलेल्या नफ्यावर फर्मचा दर कंपनीइतका करा, एवढीच मागणी आणि सोबत वरच्यासारखे एक उदाहरण आकड्यांसह.

पुतण्याचे म्हणणे आहे की निवेदनाची वाट पाहू नये, फर्म सरळ प्रायव्हेट लिमिटेड करून टाकावी. मोठे भाऊ म्हणतात, वडिलांच्या नावाची पेढी आहे, नाव जाऊ देणार नाही. नाव ठेवून ते करता येते काय आणि दरसालचा ऑडिट व नोंदणीचा खर्च त्या १,२०,६४० मधून किती खाईल, हे सीएने लिहून द्यायचे कबूल केले आहे.